कोणता अर्धा?

“अर्ध्या इंचाचा एक सॉकेट दे रे.”

“कोणता अर्धा, सर?”

एकतीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. त्यातली निदान दहा तरी अपूर्णांकांत गेली असतील. भाकरीचे चतकोर केले, पेरूच्या फोडी केल्या, फळ्यावर गोल काढून खडूने अर्धे रंगवले. पोरांनी नाना शंका काढल्या. एकाने तर ‘उरलेला अर्धा कोणी खाल्ला?’ असंही विचारलं होतं. पण ‘कोणता अर्धा’ हे कुणी विचारलं नव्हतं. आणि विचारणारा कोण, तर आठवीत एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं उत्तर काढून तासभर बाकावर उभा राहिलेला. आता तो गल्ल्यामागे खुर्चीत बसला होता आणि मी उभा होतो.

“अर्धा म्हणजे अर्धा. इंचाचे दोन समान भाग करायचे, त्यातला एक,” मी सवयीने म्हणालो.

“तसं नसतं सर. पांढरा अर्धा पाहिजे, गरम पाण्याचा अर्धा पाहिजे, का लोखंडाचा?”

“तिन्ही सारखेच की.”

“तुमच्या वर्गात असतील,” तो म्हणाला. सुरात तक्रार नव्हती, म्हणून जास्त लागलं.

हे प्रकरण मुळात पुण्याहून आलं. मुलगी तिकडे नोकरीला असते. दिवाळीला घरी आली तेव्हा हात धुताना बेसिनच्या तोटीकडे बघून म्हणाली, “बाबा, ही तोटी माझ्यापेक्षा मोठी आहे.” खोटं नव्हतं. घर १९९१ सालचं, तोटीही तेव्हाचीच. पितळेची, कान झिजलेला, कितीही आवळली तरी सेकंदाला एक थेंब सोडणारी. मी मोजलं होतं. औषधाच्या बुचात वीस थेंबांना एक मिलिलिटर भरतो, दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे रोजचं चार लिटर तीनशे वीस मिलिलिटर. हे गणित मोठ्या हौसेने बायकोला दाखवलं. तिने वही बाजूला सारली आणि तोटीखाली बादली ठेवली. आमच्या भागात शेतात ठिबक केलं तर अनुदान मिळतं, घरात ठिबकलं तर बोलणी मिळतात.

बोलण्यांनाही कारण आहे. आमच्या तालुक्याच्या कडेने जी मांजरा वाहते, तिचंच धरण वर धनेगावला कोरडं पडलं आणि २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली : दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवर ती गाडी बघता बघता आई उठली आणि तिने आमच्या तोटीच्या तोंडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. तेवढं पाणी गळायला आपल्या तोटीला तीनशे सतरा वर्षं लागतील, हे मी तिथल्या तिथे हिशेब करून सांगितलं. घरात कुणी दाद दिली नाही.

तर दिवाळीनंतर पंधरा दिवसांत पुण्याहून खोकं आलं. आत चकचकीत मिक्सर. वाटण-घाटणाचा नव्हे, तोटीचा. एकच दांडी. डावीकडे नेली की गरम पाणी, उजवीकडे नेली की गार. आमच्याकडे गरम पाणी अजून बंबात तापतं आणि तपेल्यातून चालत येतं. त्यामुळे डावीकडच्या तोंडाला बूच मारायचं ठरलं. निम्मा मिक्सर तिथेच बाद झाला. हाही एक अर्धाच, पण तो पुढे मोजणीत धरलेला नाही.

मिस्त्री आले. पन्नाशीचे, खांद्याला पोतं, पोत्यात पाना. बिलोली तालुक्यातला मिस्त्री तीन भाषांत काम करतो : मोजमाप मराठीत, शिव्या दखनीत आणि पैशांचं बोलणं, मालकाला कळू द्यायचं नसेल तर, मदतनीसाशी तेलुगूत. त्यांनी तोटीला पाना लावला, एक पाय भिंतीला टेकवला आणि जोर केला. तोटी हलेना. मग आणखी जोर. मग ‘कट्’ असा आवाज आला. आपल्या दातातून येतो तसा, आणि तेवढ्याच खोलातून. तोटी सुटली होती, पण एकटी नव्हे. तिच्या मागे वीतभर पाइप घेऊन ती बाहेर आली होती.

“खारी झाली सर ह्याची,” मिस्त्री म्हणाले आणि तो तुकडा माझ्या हातात दिला.

खरोखरच खारी. राखाडी रंगाचा पीव्हीसी, त्याच्यावर साय धरावी तसा पांढुरका भुरका. हा तुकडा मोरीच्या भिंतीबाहेरून वळसा घेऊन येणारा. तीस-पस्तीस उन्हाळे त्याने आमच्यासाठी अंगावर घेतले होते. प्लॅस्टिकला ऊन सोसत नाही. आधी रंग जातो, मग लवचीकपणा जातो, शेवटी नुसता ताठा उरतो. (निवृत्त शिक्षकाने असल्या वाक्यापाशी फार थांबू नये.) आतल्या बाजूने बोअरच्या क्षाराचा थर इतका जाड होता, की पानाच्या डब्यातली चुन्याची डबी आठवली. तुटलेल्या टोकापासून एक बारीक तडा नागमोडी भिंतीकडे गेलेला होता. मिस्त्री भिंतीतल्या पाइपाला हॅक्सॉ लावायला गेले, तर ब्लेड टेकवल्याबरोबर तो तडा आणखी बोटभर पुढे सरकला.

“ह्ये पाइप आता बंद झालंय. येतच नाही,” ते म्हणाले. “पण सॉकेट आणा अर्धा इंची. बघू.”

मग दुकान, आणि मग ‘कोणता अर्धा’.

मी तिन्ही अर्ध्यांचे सॉकेट आणि पाइपाचे तुकडे एकेक विकत घेतले, घरी आणले आणि कपाटातून व्हर्निअर कॅलिपर काढला. निवृत्तीच्या वेळी बाकीच्यांना शाल मिळते तशी मलाही मिळाली, पण मी आयुष्यात मनापासून विकत घेतलेली वस्तू हीच. स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं, पाइपांचे तुकडे ओळीने मांडले आणि बाहेरून मापं घेतली. पट्टीवरचा अर्धा इंच १२.७ मिलिमीटर. हे डोक्यात ठेवा.

आमचा जुना राखाडी अर्धा : २० मिलिमीटर.

दुकानातला पांढरा अर्धा : २१.३.

साबणासारखा पिवळसर, गरम पाण्याचा, ज्याला सीपीव्हीसी म्हणतात तो अर्धा : १५.९.

लोखंडाचा अर्धा : पुन्हा २१.३.

चार अर्ध्यांत १२.७ एकही नाही. बाहेरून नाही तर आतून असेल म्हणून आतली मापंही घेतली. तिथेही कुणी १२.७ निघाला नाही. बायको भाजी चिरायला जागा मागत होती. मी तिला सांगितलं, की जगात अर्धा इंच नावाची वस्तूच नाही. ती म्हणाली, ओट्यावर तर आहेच आहे, आणि पसरली आहे.

खूप डोकं चालवल्यावर आणि थोडं वाचल्यावर उलगडा झाला तो असा. अर्धा इंच हे माप नाही, आडनाव आहे. देशमुख आडनावाच्या माणसाकडे देशमुखी असतेच असं नाही. कधीकाळी पणजोबांकडे होती, एवढाच त्याचा अर्थ. लोखंडी नळाच्या पणजोबांकडे खरोखर अर्धा इंच होता, आतून. तेव्हाचं लोखंड असं-तसंच, म्हणून नळाचा पत्रा जाड ठेवायचे. बाहेरून तो जवळजवळ एकवीस मिलिमीटर व्हायचा. पुढे लोखंड सुधारलं, पत्रा पातळ करता आला. पण बाहेरचं माप बदलायची सोय नव्हती, कारण जगभरचे आटे त्या मापावर पाडून झाले होते. मग नळ आतून मोकळा होत गेला आणि नाव तेच राहिलं. पांढरा पाइप जन्माने प्लॅस्टिक, पण लोखंडाच्या घरी दत्तक गेलेला. म्हणून बाहेरचं माप वडिलांचंच. पिवळसर पाइप अमेरिकेतल्या तांब्याच्या नळीच्या घराण्यातला. त्या घराण्याची रीत अशी, की नावात जितके इंच असतील त्यात एक अष्टमांश मिळवायचा, की बाहेरचं माप आलं. म्हणजे अर्धा अधिक एक अष्टमांश, बरोबर पाच अष्टमांश, आणि त्याला म्हणायचं अर्धा! माझ्या त्या विद्यार्थ्याचे दोन पंचमांश यापुढे अगदी सोवळे वाटले. त्याला मी उगाच उभं केलं होतं.

राहिला आमचा राखाडी. तो या देशात वाढला तेव्हा १९५६चा वजनमापांचा कायदा होऊन गेलेला होता. शेर गेले होते, मैल गेले होते, सगळं दशमान झालं होतं. त्यामुळे त्याचं माप सरळ : बाहेरून वीस मिलिमीटर. त्याच्या वरचे पंचवीस, बत्तीस, चाळीस. कुठे लपवाछपवी नाही. चौघांत खरं बोलणारा तो एकटा, आणि भिंतीत मोडून पडलेलाही तोच.

वडील असते तर त्यांना हे सगळं एका मिनिटात कळलं असतं. त्यांच्या लहानपणी इथे निजामाचा हाली सिक्का चालायचा आणि पलीकडच्या मुलखात इंग्रजांचा कळदार. दोन्हींना रुपयाच म्हणायचे. पण सात हाली दिले की सहा कळदार यायचे. बाजारात कुणी ‘रुपया’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला : कोणता रुपया? त्या पिढीने सोयरीक, शेतसारा, बैलाचा व्यवहार, सगळं हा प्रश्न विचारून निभावलं. आणि मी गणिताचा शिक्षक असून एका सॉकेटपाशी अडलो.

दुसऱ्या दिवशी मी आणलेले अर्धे मिस्त्रींनी बसवून पाहिले. पांढऱ्या सॉकेटमध्ये आमचा पाइप घातला तर तो आत डुलायला लागला. सव्वा-दीड मिलिमीटरची मोकळीक. बोलायला काहीच नाही, पण पाण्याला तेवढी पुरते. मी म्हणालो, सोल्युशन जास्त लावा. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या दिवशी मी शिकणारा झालो. सोल्युशन हा डिंक नसतोच. ते प्लॅस्टिकला वरून विरघळवतं, दोन्ही विरघळलेले थर एकमेकांत मिसळतात, औषध उडून जातं आणि मागे एकच प्लॅस्टिक उरतं. त्याला फट भरता येत नाही. आधी अंगाला अंग लागलं पाहिजे, मगच ते एकजीव करणार. पिवळसर सॉकेटचा प्रश्नच नव्हता. त्याच्यात आमचा पाइप शिरणं म्हणजे म्हशीने कोंबडीच्या खुराड्यात शिरणं.

“मग शेकू,” मिस्त्री म्हणाले.

शेकणे ही आमच्या भागातली विद्या आहे. कुठल्या आयटीआयत शिकवतात की नाही मला माहीत नाही, पण शेतात पाइपलाइन टाकणाऱ्या प्रत्येकाला येते. पाइपाचं तोंड जाळावर धरायचं, फिरवत राहायचं, पापडासारखं. घाई केली की काळं पडतं, चुकलं की बुडबुडे येतात. ऐन वेळी ते मऊ पडतं, अगदी उकडीच्या पिठासारखं. त्या क्षणाला ते दुसऱ्या पाइपावर दाबून घुसवायचं आणि वरून ओलं फडकं गुंडाळायचं. थंड होताना ते आवळतं आणि ज्याच्यावर बसलं त्याचं माप धरतं. मापांच्या सगळ्या घराण्यांना यात एकच उत्तर आहे : तापवलं की कोणीही कोणाचाही होतो. मिस्त्रींचा हात बघत राहावा असा. जाळ मोरीतच केला. डोळे पाइपावर, बोटं जाळापासून दोन अंगुळांवर, आणि तोंडाने मदतनीसाला तेलुगूत काहीतरी चाललेलं. जाळाला पुठ्ठा पाहिजे म्हणून मदतनीसाने जवळचं खोकं घेतलं होतं. ते मिक्सरचं होतं. दहा वर्षांची वॉरंटी आतल्या खिशात होती. ती आम्हाला दहा मिनिटंही पुरली नाही.

जोड बसला. वर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, तिच्यावर बाइंडिंगची तार पिळली. सगळं मिळून पायाला प्लास्टर घातल्यासारखं दिसत होतं. टाकीचं पाणी सोडलं. एक थेंब नाही. मी मिस्त्रींना चहा पाजला, मुलीला फोटो पाठवला. तिचा एका शब्दाचा निरोप आला : “अरे देवा.”

आमच्या घराची एक गंमत आहे, जी मला तोवर माहीत नव्हती. बोअरचं पाणी वर टाकीत चढवणारा पाइप आणि टाकीतून खाली उतरवणारा पाइप एकच आहे. मध्ये फाटे मारून मोऱ्या जोडल्या आहेत. १९९१ साली पाइप महाग, त्यामुळे वडिलांनी जाणं-येणं एकाच रस्त्याने ठेवलं. टाकीचं पाणी पायऱ्या उतरल्यासारखं येतं, बोअरची मोटार धावत सुटते. पहाटे पाचला बायकोने नेहमीप्रमाणे मोटार लावली.

मला जाग आली ती टाळ्यांच्या आवाजाने. बाहेर येऊन बघतो तर ट्यूबची पट्टी भिंतीवर फटाफट आपटत होती आणि पाण्याची धार तिरपी जाऊन समोरच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर बसत होती. चतुर्थी वाहून गेली होती. एकादशीचं काम चालू होतं. आई दाराशी उभी राहून शांतपणे म्हणाली, “काय करलालास रे?” जणू मीच धार धरून उभा होतो.

मग सुरू झाला शोध. पाइपचा वीतभर तुकडा खिशात घालून मी एसटीत बसलो. नरसी, नायगाव, कहाळा करत नांदेड. शेजारच्या प्रवाशाने कहाळ्यापर्यंत धीर धरला आणि मग विचारलं, बासरी का? जुन्या मोंढ्याकडे चार दुकानं पालथी घातली. एकाने तुकडा हातात घेऊन नातवाला दाखवला, “बघ, पहिले असले पाइप यायचे.” म्युझियममध्ये दाखवतात तसा. दुसऱ्याने सल्ला दिला, की सगळी लाइनच नवी करा. हा सल्ला आपल्याकडे नळाचा माणूस, दाताचा डॉक्टर आणि इंटिरिअरवाले सारख्याच तत्परतेने देतात. सगळी लाइन म्हणजे सगळ्या भिंती फोडणं. भिंतीत पाइप कुठून कसा गेला आहे हे फक्त वडिलांना माहीत होतं आणि ते त्यांनी कागदावर ठेवलं नाही. शेतीच्या बांधाचा नकाशा मात्र आहे, तीन प्रतींत.

नांदेडला नाही तर बोधनला, म्हणून दोन दिवसांनी उलट्या दिशेला निघालो. येसगीचा पूल ओलांडला, मांजरा मागे पडली, की तेलंगण. बोधन आम्हाला परकं नाही. निजाम शुगर फॅक्टरीच्या भरभराटीच्या दिवसांत तिच्या भोंग्यावर तिकडचं सगळं गाव चालायचं, आणि अजून आमच्याकडच्या निम्म्या घरांच्या सुना-लेकी तिकडे-इकडे आहेत. तिथल्या दुकानदाराने तुकडा उलटासुलटा केला आणि म्हणाला, “अर इंच.” अर म्हणजे अर्धा. मराठीत अर्धा, दखनीत आधा, तेलुगूत अर. तिन्ही भाषांत तो वीस मिलिमीटरच भरला आणि तिन्ही भाषांत नाहीच म्हणाला. येताना मी तिथून मिरच्या आणल्या, म्हणजे फेरी अगदीच फुकट गेली नाही.

राखाडी अर्धा सापडला तो आमच्या घरापासून दोनशे पावलांवर.

मोटारीचे स्टार्टर, फवाऱ्याचे पंप, ताडपत्री आणि ठिबकच्या नळ्या विकणारं शेतीच्या सामानाचं एक दुकान आमच्या कोपऱ्यावर आहे. मी तिथे मोटारीची केबल बघायला गेलो होतो. कारण त्या धारेत तीही भिजली होती. बाकड्यावर गोणपाटात राखाडी फिटिंगचा ढीग. मी सहज एक उचलून खिशातल्या तुकड्यावर घातला. तो अर्ध्यापर्यंत सरकला आणि तिथे गच्च धरून राहिला. सोल्युशनवाल्या जोडाने कोरडं असताना असंच धरायचं असतं. हे मिस्त्रींनी मला शिकवलं होतं. अंगावर काटा आला. खोटं सांगत नाही.

“हे बंद झालंय म्हणाले सगळे,” मी दुकानदाराला म्हणालो.

“घराचं बंद झालं असेल,” तो म्हणाला. “शेतीचं कशाला बंद होतंय?”

एवढंच होतं. घरातले पाइप लोखंडाच्या आणि तांब्याच्या घराण्यांत दत्तक गेले, पण शेतातला पाइप दशमानच राहिला. अजूनही मिलिमीटरमध्येच जन्मतो, राखाडीच असतो. नळाच्या दुकानात विचारलं तर तो नाही आणि शेतीच्या दुकानात घराचं कुणी विचारत नाही. एकाच वस्तूचे दोन बाजार, मध्ये दोनशे पावलं, आणि ती चालायला मी नांदेड आणि बोधन केलं. सहा रुपयांची वस्तू असेल. मी आठ घेतल्या. दुकानदाराने विचारलं, किती एकराला?

घेतली ती वस्तू म्हणजे एमटीए. मिस्त्री लोक हेच म्हणतात. त्याचं लांब नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. बोटभर लांबीचं फिटिंग. एक बाजू आतून गुळगुळीत, तिच्यात पाइप चिकटतो. दुसऱ्या बाजूला बाहेरून आटे. आणि आट्यांना आडनावाचा घोळ नाही. वीसचा पाइप असो, सोळाचा असो, एकवीसचा असो, अर्धा इंच म्हणून जो आटा पाडतात तो आपल्याकडे सगळीकडे तोच : एका इंचात चौदा वेढे, वेढ्याचा कोन पंचावन्न अंश. हा पंचावन्न अंश जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या मँचेस्टरच्या कारखानदाराने १८४१ साली सुचवला. त्याआधी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा होता. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जायचा नाही. व्हिटवर्थने ठिकठिकाणचे बोल्ट गोळा केले, मोजले आणि मधलं माप काढलं. म्हणजे जे मी ओट्यावर केलं तेच. फक्त त्याला भाजी चिरायची घाई करणारं कुणी नसावं. १८४१ला इथे नासिरुद्दौला निजाम होता आणि बिलोलीला नळ नव्हता. पण आज इथला पाइप पुण्याच्या मिक्सरशी बोलतो तो मँचेस्टरच्या मध्यस्थीने.

ते एमटीए हातात धरून मी जरा वेळ बाकड्यावरच बसलो. एक तोंड गुळगुळीत, एक आट्यांचं, आणि पाणी मधून निमूट जातंय. मला ते फार ओळखीचं वाटलं. आमचा तालुका असाच आहे. एक तोंड महाराष्ट्रात, दुसरं तेलंगणात. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचे, १९५६ला मुंबई राज्यात, १९६०ला महाराष्ट्रात. जागचे न हलता आम्ही तीन टाक्यांना जोडले गेलो. १९५६ला तर नांदेड जिल्ह्याला हॅक्सॉच लागली. बिचकुंदा, जुक्कल, मुधोळ, भैंसा तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. तरी लग्नाच्या पंगतीत अजून शेजारच्या पानावर तेलुगू बोललं जातं आणि वाढणारा दखनीत विचारतो. पुण्यातली मुलं आमच्या बोलण्याला हसतात, की हे काय, ‘येलालो’, ‘जालालो’. हसू द्या. ते आमचे आटे आहेत.

मिस्त्री परत आले. या वेळी भिंत टीचभर फोडून, तडा संपतो त्याच्याही मागे जाऊन पाइप कापला. हॅक्सॉ इतका हळू चालवला, जसं वरणातून बोटाने खडा काढतात. टोक पॉलिश पेपरने घासलं, सोल्युशन फिरवलं, एमटीए घुसवून पाव वेढा दिला आणि तीस सेकंद दाबून धरलं. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने बारा वेढे. उलटी गुंडाळली की आवळताना सुटत येते, हे मला आता पाठ आहे. पूर्वी इथे सुतळी आणि सफेदा लावायचे. मिस्त्रींच्या मते त्याची सर याला नाही. त्यावर पितळी आट्यांचा पांढरा एल्बो, त्यात अँगल कॉक, त्याला वेणीची नळी, तिच्या टोकाला मिक्सर. चार घराण्यांची माणसं एका रांगेत. मी एक दिवसभर पाणी सोडू दिलं नाही. मिस्त्री पंधरा मिनिटं म्हणत होते. मी चोवीस तास म्हणालो. वॉरंटी जळालेला माणूस काहीही म्हणू शकतो.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. आईसाठी खुर्ची ठेवली. मोबाइलवर मुलगी. मी दांडी उचलली.

एक थेंब गळला नाही. आणि तोंडातूनही फारसं काही आलं नाही. शिसपेन्सिलीएवढी एक धार, तीही विचार करत करत.

“प्रेशर नाही सर,” मिस्त्री म्हणाले. “टाकी किती उंच आहे?”

मी आधीच वही काढली होती. टाकीचं पाणी बेसिनच्या वर दहा फूट. दर तेहेतीस-चौतीस फुटांना एक बार दाब. मिक्सर नीट चालायला एक बार तरी लागतो, असं त्या जळलेल्या खोक्यावर लिहिलेलं मुलीला आठवत होतं. “म्हणजे तेवीस फूट कमी पडतात,” मी म्हणालो. “टाकी तेवीस फूट उचलावी लागेल.”

“तेवढा मनोरा बांधायचा तर तुमचं घर त्याच्या पायात जाईल,” मिस्त्री म्हणाले. जरा डोकं खाजवून म्हणाले, “त्यापेक्षा बेसिन खाली घ्या की. मागं तुमची जुनी विहीर आहे. तिच्यात तेवीस फुटावर बसवू. फर्स्ट क्लास धार येईल.”

मुलगी मोबाइलमधून हसत होती. मिस्त्री हसत नव्हते. ते कठड्याकडे बघून पाइप किती लागेल याचा अंदाज घेत असावेत.

आई खुर्चीतून उठली, बादली तोटीखाली सरकवली आणि आत जाता जाता म्हणाली, “विहिरीतच उतरायचं होतं, तर माझा पोहरा कशाला मोडीत घातलास?”